समितीचं क्रियापद

वर्गात शिरायच्या आधी सर दारात थांबायचे. डोळे मिटून, कान देऊन. आत गोंगाट असला की म्हणायचे, "द क्लास आर टॉकिंग." मग आवाज कमी होत जायचा, शेवटच्या बाकाची करकर थांबायची, आणि सगळी पोरं श्वास धरून बसली की सर डोळे उघडायचे. "नाऊ द क्लास इज रेडी," असं म्हणून मगच उंबरा ओलांडायचे.

शेजारच्या वर्गात मी विज्ञान शिकवायचे, त्यामुळं हे सगळं मला रोज ऐकू यायचं. नवीन होते तेव्हा वाटायचं, शिस्त लावायची ही त्यांची पद्धत असेल. एकदा मी तसं म्हणालेही. ते म्हणाले, "नाही मॅडम. मला खरंच बघावं लागतं. चाळीस पोरं चाळीस असली की भीती नसते. चाळीस पोरं एक झाली की दारात पाय अडतो. मग रेडी म्हणून स्वतःलाच आत ढकलावं लागतं."

शाळा धाराशिवातली, एका संस्थेची, इंग्रजी माध्यमाची. सर मूळचे अणदूरचे. दुसऱ्या एका शाळेतून रिटायर होऊन इथं वर्षावर्षाच्या ऑर्डरवर इंग्रजी शिकवत होते. मी ईट गावची. घरात पगाराची नोकरी करणारी पहिलीच, आणि अजून प्रोबेशनवर. त्यामुळं शाळेत कुणी मोठ्यानं हाक मारली तरी आपलं काय चुकलं ते मी आठवायला लागायचे. पण माझी भीती लपलेली होती. सरांची सगळ्यांना ठाऊक होती, आणि स्टाफरूममध्ये ती चवीनं सांगितली जायची.

कुत्र्यांसाठी सर बाराही महिने छत्री बाळगायचे. विजा चमकायला लागल्या की खिडकीपासून लांब, कपाटाला टेकून शिकवायचे. अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो वाजून वाजून थांबेपर्यंत हातात धरून नुसते बघत बसायचे. सही करायची असली की कागद तीनदा वाचायचे आणि मागची कोरी बाजूही तपासायचे. संस्थेच्या अध्यक्षांची पांढरी गाडी फाटकातून आत आली की सर असतील तिथं उभे राहायचे, अध्यक्ष समोर येवोत न येवोत. एकदा ते डबा खात होते. गाडी आवारात होती तेवढा वेळ, चांगली वीस मिनिटं, सर भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभे होते. बाकीचे हसत होते. मीही हसले.

त्यांचं एक वेड होतं. टीम, फॅमिली, कमिटी, क्राउड असले शब्द आले की ते थबकायचे. अनेकांचा मिळून एक शब्द. त्याला इज लावायचं की आर? आठवड्यातून एकदा तरी मला गाठून विचारायचे. मी म्हणायचे, सर, दोन्ही चालत असेल. ते दुखावले जायचे. "चालत नाही मॅडम. टीम जिंकली तर इज. टीममध्ये भांडण लागलं तर आर. आतली माणसं एका मताची आहेत का वेगवेगळी, हे बघितल्याशिवाय क्रियापद लिहिताच येत नाही." हल्ली कित्येक जण सरसकट इज लावतात, तेच बरोबर धरलं जातं, हेही त्यांना ठाऊक होतं. "लावू देत," म्हणायचे. "मला भीती वाटते."

मराठीत बरं उलटं आहे, असं ते म्हणायचे. आपण एकाच माणसाला अनेकवचन लावतो. सर आले. सर एकटेच, पण क्रियापद अनेकांचं. मान दिला की माणूस वाढतो.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एका दुपारी सांगितलं. ते कॉलेजात असताना बाजाराच्या दिवशी गावात एका परक्या माणसाला चोर म्हणून धरलं आणि मारायला सुरुवात झाली. "मारणाऱ्यांत आमचा न्हावी होता," सर म्हणाले. "माझा सख्खा मामा होता. पायाखाली मुंगी आली तरी शिव शिव म्हणणारे किराणा दुकानातले अप्पा होते. पण मॅडम, त्या वेळी तिथं मामा नव्हता, अप्पाही नव्हते. एकच काहीतरी होतं आणि त्याला शंभर हात होते. द क्राउड वॉज बीटिंग हिम. वॉज." मग कुणीतरी म्हणालं, मेला वाटतं. त्यासरशी मामा पुन्हा मामा झाला, न्हावी न्हावी झाला. जो तो चपला शोधून आपापल्या घरी गेला. तो माणूस वाचला, पण पायानं अधू झाला. चोरी त्यानं केलेलीच नव्हती.

मी विचारलं, "तुम्ही कुठं होता?"

"दुकानाच्या फळीमागं. मला सगळं दिसत होतं," ते म्हणाले, आणि तासाची घंटा झाली नसतानाही उठून गेले.

त्या हिवाळ्यात सहावीची सहल येडशीजवळच्या रामलिंगला गेली. बेचाळीस मुलं, वर्गशिक्षक म्हणून मी आणि सोबतीला सर. आणखी एक शिक्षक द्या म्हणून मी मुख्याध्यापकांना दोनदा लेखी दिलं होतं. जवळच तर जायचंय, असं म्हणून त्यांनी ते परत केलं. शिक्षकाऐवजी अध्यक्षांचा पुतण्या आला, ड्रोन घेऊन. नव्या वर्षाच्या प्रवेशांसाठी शाळेची जाहिरात करायची होती, त्यात सहल दाखवायची होती. हे अभयारण्य आहे, इथं असलं काही उडवायचं नसतं, असं मी म्हणून पाहिलं. तो हसला, आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा विचार मी अजूनही करते.

पायऱ्या उतरून आम्ही खाली देवळाशी गेलो. माकडांपासून डबे सांभाळत मुलं जेवायला बसली. समोरच्या कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं होतं, काळं, हाताच्या लांबीचं. ते बघून सर देवळाच्या आवारातून पुढं यायलाच तयार नव्हते. मुलं त्यांच्याकडं बघून खुसखुसत होती.

ड्रोन वर गेला, मुलांवरून फिरला, आणि मग कड्याकडं वळला. मी आयेशाचा डबा उघडून देत होते. झाकण घट्ट बसलं होतं. आधी आवाज आला. ड्रोनचा नाही, त्याच्या खालून निघाल्यासारखा, जाड. वर पाहिलं तर मोहोळाचा काळा रंग कड्यावरून सुटत होता. एकदम नाही, चादर ओढावी तसा, एका टोकाकडून. मग तो हवेत एक झाला आणि आमच्याकडं वळला.

पुढचं मला सलग आठवत नाही. पळा म्हणून मीच ओरडले, की कुणी दुसरं? बेचाळीस मुलं बेचाळीस दिशांना पळाली. मी दोन मुलींना ओढणीखाली घेऊन जमिनीवर पालथी पडले. कानात, केसांत, बाहीत माशा शिरत होत्या. त्या दोघींची हृदयं माझ्या हातांना लागत होती. आमच्या बसचा ड्रायव्हर सतरंजी घेऊन धावत आला आणि सापडतील त्या मुलांना तिच्याखाली घालत राहिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आवाज विरळ झाला तेव्हा मी मुलं मोजायला लागले. एकेचाळीसच भरत होती. पुन्हा मोजली, पुन्हा एकेचाळीस. तोंड सुजल्यानं मला नावंही नीट घेता येत नव्हती.

आयेशा सापडली ती देवळाशेजारच्या एका खोलीच्या बंद दारापाशी, अंगाचं मुटकुळं करून. तिच्या चेहऱ्यावर डोळे कुठं आहेत ते कळत नव्हतं. मी तिला उचललं तेव्हा ते दार आतून उघडलं आणि सर बाहेर आले. त्यांच्या अंगावर एकही माशी बसलेली नव्हती.

आयेशा सहा दिवस दवाखान्यात होती. पहिले दोन दिवस डॉक्टर आम्हाला काहीच सांगत नव्हते. तिचे वडील शिंपी. पलंगाच्या पायथ्याशी टेप गळ्यात तसाच ठेवून उभे असायचे. तिसऱ्या दिवशी तिचा एक डोळा किलकिला झाला. मला ओळखून ती म्हणाली, "मॅडम, मी दार वाजवलं होतं. खूप वाजवलं." मी तिचा हात धरून बसून राहिले. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

सांगायची गरजही नव्हती. गावभर झालं होतं. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सांगत होता, "म्या सोत्ता बघितलं की. मास्तर लई आधी पळाला. दार लावून घेतलं." शिपायापासून सातवीच्या पोरांपर्यंत सगळे तसंच बोलायला लागले. सर पळाला. पळाले नाही, पळाला. सरांनी ते ऐकलं होतं. वर्गाबाहेर थांबणं त्यांनी बंद केलं. खाली मान घालून आत जायचे, पुस्तक उघडून वाचायला लागायचे.

मग बोर्डाकडून विचारणा आली आणि संस्थेनं चौकशी समिती नेमली. मुख्याध्यापक, संस्थेचे एक विश्वस्त, अध्यक्षांच्या ओळखीचे एक वकील, आणि अहवाल इंग्रजीत पाठवायचा म्हणून चौथे सर. त्यांना का घेतलं ते उघड होतं. त्यांची भाषा चांगली होती आणि ते घाबरट होते.

समितीचं आधीच ठरलं होतं. मुलांनी मोहोळाला दगड मारले आणि वर्गशिक्षिकेचं लक्ष नव्हतं. ड्रोनचा कुठं उल्लेख नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून समजावलं: चूक कबूल करून लिहून द्या, प्रोबेशनवरच नोकरी थांबवू, पण पोलिसांत काही जाऊ देणार नाही. पोलीस हा शब्द त्यांनी अगदी हळू उच्चारला. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. आईचा फोन आला की टीव्हीचा आवाज मोठा करून बोलायचे, म्हणजे माझा आवाज कापतोय हे तिला कळू नये. त्या दिवसांत सर समोरून आले की मी रस्ता बदलायचे. आयेशानं सांगितलेलं मी लिहून दिलं तर सगळं त्यांच्यावर शेकेल, असं माझ्या मनात आलं होतं. एक कागद लिहिलाही होता. तो दोन दिवस पर्समध्ये ठेवला आणि मग फाडला. चांगुलपणानं नाही. तो नेऊन द्यायचीही मला भीती वाटली.

बैठक सकाळी अकराला मुख्याध्यापकांच्या खोलीत होती. निष्कर्ष ऐकवायला मला आत घेतलं. टाईप केलेला अहवाल टेबलावर होता. तिघांच्या सह्या झालेल्या होत्या, सरांची बाकी होती. त्यांनी तो तीनदा वाचला, मागची बाजू बघितली. मग म्हणाले, "पाचव्या ओळीत चूक आहे."

मुख्याध्यापक म्हणाले, मग करा दुरुस्त, तुम्हीच तर लिहिलाय.

"तुम्ही सांगितलं तसा लिहिलाय. द कमिटी इज ऑफ द ओपिनियन. इथं इज बसत नाही. आर लागतं."

वकील हसले. आर तर आर, एका शब्दानं काय फरक पडतो, असं काहीतरी म्हणाले.

"पडतो साहेब," सर म्हणाले. "समिती एका मताची असली तरच इज. आपण चार आहोत आणि एकाचं मत वेगळं आहे."

सरांनी खिशातून हातानं लिहिलेले दोन कागद काढले. ते उलगडून टेबलावर सरळ केले. ते वाचायला लागले. मजकूर इंग्रजीत होता, वाक्यं लहान लहान होती. मोहोळ उठलं तेव्हा मी सर्वांत आधी पळालो. माझ्याबरोबर मुलं होती, त्यांना मी घेतलं नाही. खोलीत शिरून मी आतून कडी लावली. आधीपासून मी मोहोळाकडंच बघत होतो, आणि त्या खोलीला कड्याच्या बाजूला काचेची खिडकी आहे, म्हणून मी पुढचं सांगू शकतो. ड्रोन मोहोळाच्या अगदी जवळ होता. तो कोण उडवत होतं ते मी पाहिलं. एकाही मुलानं दगड मारला नाही. वर्गशिक्षिका दोन मुलींना अंगाखाली घेऊन पडलेल्या मी पाहिल्या.

विश्वस्त उठून शेजारच्या खोलीत गेले आणि अध्यक्षांना घेऊन आले. अध्यक्ष आत येताच सर सवयीनं उभे राहिले. अध्यक्ष चिडले नाहीत. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मास्तर, तुमची ऑर्डर एप्रिलपर्यंत आहे ना?"

"हो साहेब."

"तरी वाचायचंय?"

"हो साहेब. थोडंच राहिलंय."

आणि अध्यक्ष समोर उभे असताना सरांनी शेवटचा भाग वाचला. कुणीतरी दार वाजवत होतं. लहान हाताचा आवाज होता. मी उघडलं नाही. हे मी शुद्धीवर असताना केलं.

वकिलांनी कागदाकडं हात पुढं केला. सरांनी तो मुकाट्यानं दिला आणि म्हणाले की एक प्रत काल सकाळीच रजिस्टर पोस्टानं बोर्डाला गेली आहे. त्याची पावती दुसऱ्या कागदाला टाचली होती. एवढी घाई का केली, असं मुख्याध्यापकांनी चिडून विचारलं. सर म्हणाले, "इथं आल्यावर मी घाबरणार होतो. मग दिलंच नसतं."

थोड्या वेळानं मी बाहेर आले तेव्हा सर नळापाशी वाकले होते. त्यांना उलटी झाली होती. एका हातानं नळ धरून दुसऱ्यानं तोंडावर पाणी मारत होते. सदरा भिजला होता. मी त्यांच्याकडं जायला निघाले आणि मग फाटकाशी पांढरी गाडी दिसली. मी वळून वर्गाकडं गेले.

बोर्डाचं पत्र यायला दोन महिने लागले. सहलीला पुरेसे शिक्षक न दिल्याबद्दल आणि ड्रोनबद्दल संस्थेला खुलासा द्यावा लागला. माझ्यावर ठपका आला नाही. पुढच्या वर्षी मी कायम झाले. सरांना नवी ऑर्डर मिळाली नाही. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आपला शब्दकोश पंच्यात बांधला, छत्री घेतली आणि स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. कुणी वर पाहिलं नाही. मी उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांची पावलं पायऱ्या उतरून जाईपर्यंत मी एकाच उत्तराला तीनदा गुण दिले आणि तीनदा खोडले.

दोन वर्षांनी नळदुर्गला लग्नाला जाताना मी अणदूरला उतरले. आधी ठरवलं नव्हतं. घर विचारत गेले. दारात सरांच्या पत्नी भेटल्या. बर्री, बर्री म्हणत त्यांनी मला आत नेलं. त्यांच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात. सर वाळले होते. मला बघून आधी दचकले, मग उभे राहिले. मी बसेपर्यंत बसले नाहीत.

आयेशाबद्दल त्यांनीच काढलं. धाराशिव सोडायच्या आधी ते तिच्या घरी गेले होते. गल्लीच्या तोंडाशी दोन दिवस जाऊन परत आले, तिसऱ्या दिवशी आत गेले. तिच्या वडिलांनी बसायला खुर्ची दिली. ते मारतील असं सरांना वाटलं होतं. त्यांनी मारलं नाही, शिवीही दिली नाही. मुलगी आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही. वडील एवढंच म्हणाले, "बच्ची बंद दरवाजे को डरती अब, सर. घर के सब दरवाजे खुल्ले रखने लगते." सरांनी हे मला त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

"सातवी-आठवीत चांगले मार्क पडले तिला," मी म्हणाले. ते खरं होतं.

"दारं?"

"वर्गाचं दार आम्ही उघडंच ठेवतो."

त्यांनी मान हलवली. चहा आला. मग त्यांनी शाळेचं विचारलं, नव्या इमारतीचं विचारलं, आणि जरा थांबून, बशीकडं बघत विचारलं की त्यांची कुणी आठवण काढतं का.

"सगळे विचारतात, सर," मी म्हणाले.

"इंग्रजीत सांगा."

मला वाटलं, जुनी खोड. हसून म्हणाले, "एव्हरीवन आस्क्स अबाउट यू."

"आस्क्स," ते म्हणाले. "बरोबर. एकवचन." मग माझ्याकडं बघून मायेनं हसले. "एक जण विचारत असेल. तेवढं पुष्कळ आहे."

त्यांना वाटलं, ती एक जण मी. मी चहा संपवला, वाकून नमस्कार केला आणि बसस्टँडकडं निघाले. त्या दोन वर्षांत मी शाळेत त्यांचं नाव एकदाही काढलं नव्हतं.